प्लास्टिकने शोषलेली हवा आणि विज्ञानाचे धोरण

मोठ्या वैज्ञानिक प्रकल्पाला मंजुरी मिळाली की आपल्याकडे चर्चा होते ती खर्चाची आणि देशाच्या प्रतिष्ठेची. मला मात्र एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे : यंत्रात बसवलेल्या प्लास्टिकने शोषलेल्या हवेकडे.

कृष्णद्रव्याचा शोध घेणारी यंत्रे जमिनीखाली खोलवर उभारली जातात, कारण वरचा खडक विश्वकिरणांना अडवतो. अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यात सुमारे दीड किलोमीटर खोलीवर ‘एलझेड’ हा द्रवरूप झेनॉनवर आधारलेला प्रयोग चालतो. त्याच्या आतील भिंतींना टेफ्लॉनचे अस्तर आहे. झेनॉनमधून निघणारा क्षीण प्रकाश हे प्लास्टिक उत्तम परावर्तित करते. परंतु प्लास्टिकच्या लांब रेणूंमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. जोडणीच्या काळात हवेतील वायू त्यांत शिरतात आणि पुढे हळूहळू बाहेर पडत राहतात. त्यांत किरणोत्सारी क्रिप्टॉन-८५ असतो. झेनॉनप्रमाणे तोही निष्क्रिय वायू असल्याने रासायनिक शुद्धीकरणाला दाद देत नाही. झेनॉन आधी कितीही शुद्ध केला, तरी ही भर पडतेच.

रेडॉनची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे; मात्र त्यापासून तयार होऊन प्लास्टिकवर चिकटून राहणाऱ्या शिसे-२१० चे सुमारे २२ वर्षांचे. जोडणीच्या वेळचा हलगर्जीपणा प्रयोगाला आयुष्यभर भोवतो. म्हणूनच ‘एलझेड’ची जोडणी रेडॉन कमी केलेल्या हवेच्या स्वच्छ कक्षात करण्यात आली.

कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद करणाऱ्या आपल्या देशाला हा विषय परका नाही. साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्सने झारखंडमधील जादुगुडा येथे सुमारे ५५० मीटर खोलीवर भूमिगत प्रयोगशाळा उभारली आहे. ती खाण युरेनियमची आहे, आणि रेडॉन युरेनियमच्याच क्षय-साखळीत जन्मतो. खडकाचे संरक्षण तेथे आयते मिळाले. स्वच्छ हवा मात्र प्रयत्नपूर्वकच मिळवावी लागते.

माझ्या मते अशा प्रयोगांच्या आराखड्यात साहित्याची तपासणी, रेडॉनमुक्त साठवण आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची तरतूद पहिल्या दिवसापासून, स्वतंत्रपणे असावी. उद्घाटनाच्या छायाचित्रात ही कामे दिसत नाहीत, म्हणून कपातीची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावर पडण्याचा धोका असतो. प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांनी निदान एवढे विचारावे : प्लास्टिक कोठे ठेवणार, आणि ते तपासणार कोण?