विद्युत मोटारीतील संपर्क-प्रणालीचे अद्ययावतीकरण आणि सर्व्हिसिंगनंतरचे दोषनिदान : गेवराई परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

गेवराई हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. येथील विद्युत मोटारधारकास सर्व्हिसिंगसाठी सामान्यतः बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. सर्व्हिसिंगमध्ये संपर्क-प्रणाली अद्ययावत केली जाते; परंतु घरी परतल्यावर मोबाईलवर मोटारीची माहितीच दिसेनाशी होते, असा प्रसंग उद्भवू शकतो. अशा वेळी दोषाचे स्थान न ओळखता पुन्हा केंद्र गाठणे म्हणजे एक दिवस व्यर्थ दवडणे होय. सदर दोष कोणत्या क्रमाने शोधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संपर्क-प्रणालीचे स्वरूप :

जानेवारी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही व एमजी झेडएस ईव्ही या मोटारी भारतीय बाजारपेठेत आल्या. मोबाईलवरून मोटारीशी संपर्क ठेवण्याची सोय या मोटारींमध्ये होती. मोटारीतील टेलिमॅटिक्स संचात स्वतंत्र सिमकार्ड असते. यंत्रांमधील संपर्कासाठीच्या अशा सिमकार्डांकरिता भारतात २०१८ पासून १३ अंकी क्रमांक योजण्यात आले. मोबाईलवरील आज्ञा प्रथम कंपनीच्या सर्व्हरकडे, तेथून मोबाईल नेटवर्कद्वारे संचाकडे व शेवटी मोटारीच्या अंतर्गत यंत्रणेकडे जाते. उत्तरही त्याच मार्गाने परत येते. या साखळीतील एक दुवा तुटला तरी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे संपर्क नाही. म्हणूनच केवळ लक्षणावरून निदान करता येत नाही.

अद्ययावतीकरणाची आवश्यकता :

मोटारीचे आयुष्य दीर्घ असते. मोबाईल तंत्रज्ञान मात्र त्याहून लवकर बदलते. अमेरिकेतील निस्सान लीफचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एटी अँड टी कंपनीने २०१७ च्या प्रारंभी २-जी सेवा बंद केली, तेव्हा जुन्या लीफ मोटारींमध्ये ३-जी संच बसविण्याची वेळ आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीची ३-जी सेवाही बंद झाली व ते नवे संचही निरुपयोगी ठरले. मोटारी मात्र चालतच राहिल्या. तात्पर्य, संपर्क तुटणे आणि मोटार नादुरुस्त होणे या दोन भिन्न बाबी आहेत.

दोषनिदानाचा क्रम :

१) मोबाईल : त्याच खात्याने दुसऱ्या मोबाईलवर प्रवेश करून पाहावा. तेथे माहिती दिसल्यास दोष पहिल्या मोबाईलमध्ये आहे, हे सिद्ध होते.

२) शेवटच्या संपर्काची वेळ : ॲपमध्ये दर्शविलेली वेळ सर्व्हिसिंगच्या दिवशीच थांबली असल्यास संच त्यानंतर सर्व्हरशी जोडला गेलेला नाही, असे समजावे. वेळ ताजी असून केवळ आज्ञा पाळल्या जात नसतील, तर दोष परवानगीत किंवा अंतर्गत यंत्रणेत शोधावा.

३) नेटवर्क : तळघरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये संकेत क्षीण होतात. मोटार मोकळ्या जागी आणून काही वेळ चालू स्थितीत ठेवावी. येथे एक भ्रम संभवतो. पडद्यावरील गाणी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालत असल्यास इंटरनेट सुरू असल्याचे भासते, प्रत्यक्षात मोटारीतील सिमकार्ड बंद असू शकते. म्हणून हॉटस्पॉट बंद करूनच ही तपासणी करावी.

४) १२ व्होल्टची बॅटरी : मुख्य बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी संपर्क-संच १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर अवलंबून असतो. सर्व्हिसिंगच्या वेळी तिची जोडणी काढली जाऊ शकते. ही बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची असल्यास पूर्ण भरलेल्या व विश्रांत अवस्थेत तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी दुर्बळ समजावी. नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारांना मात्र मालकाने स्पर्श करू नये.

५) नोंदणी : संच बदलला असल्यास नव्या संचाचा व सिमकार्डाचा क्रमांक मोटारीच्या चासी क्रमांकाशी सर्व्हरवर जोडावा लागतो. ही जोडणी राहून गेल्यास निर्दोष संचही मुका राहतो. यासाठी मोटार केंद्रात नेण्याची गरज असतेच असे नाही. अनेकदा दूरध्वनीवरून चौकशी करून काम भागते. सेवेची वर्गणी संपली आहे काय, हेही त्याच वेळी विचारावे.

मूळ स्थितीत आणण्याचा, म्हणजेच फॅक्टरी रिसेटचा उपाय प्रथम योजू नये. त्यामुळे जुनी नोंदणी पुसली जाऊन दोषाचा मागच नाहीसा होण्याची शक्यता असते.

जॉब कार्डाचे महत्त्व :

मोटार ताब्यात घेण्यापूर्वी जॉब कार्डावर पुढील नोंदी करून घ्याव्यात : संच बदलला की केवळ सॉफ्टवेअर, आधीची व नंतरची सॉफ्टवेअर आवृत्ती, नवीन संचाचा क्रमांक व सिमकार्ड सुरू झाल्याची तारीख. त्यानंतर केंद्राच्या आवारातच मोबाईलवरून एक आज्ञा देऊन पाहावी. काढलेल्या जुन्या संचात प्रवासाच्या नोंदी असू शकतात, त्यामुळे त्याचे पुढे काय होणार हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

निष्कर्ष :

रात्रीच्या महामार्गावर आपत्कालीन साहाय्याची हाक असो वा घरबसल्या चार्जिंगची खातरजमा असो, संपर्क-प्रणालीची उणीव नेमक्या गरजेच्या वेळी जाणवते. तथापि सर्व्हिसिंगनंतरचा प्रत्येक दोष यंत्राचा नसतो; तो नोंदणीचा, नेटवर्कचा किंवा मोबाईलचाही असू शकतो. जवळच्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून दूरच्या व खर्चिक तपासणीकडे जाणे आणि प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद ठेवणे, हीच सेवा केंद्रापासून दूर राहणाऱ्या मोटारधारकासाठी सर्वाधिक उपयुक्त पद्धती होय.