मामाचं गाव, मावशीचा दिवस

सुट्टीत घरी लहान मुलं आली की मोठ्यांचं एकच सांगणं असतं, ‘जरा लक्ष ठेव.’ हे ‘जरा’ नेमकं किती तासांचं असतं? एका साध्याशा मंगळवारी ते वहीत मांडून पाहिलं, त्याची ही गोष्ट.

उन्हाळ्याची सुट्टी म्हटलं की मामाचं गाव. गाण्यात तेच, शाळेतल्या निबंधातही तेच. पण मामाच्या गावाला गेलेली पोरं दिवसभर असतात कुणाजवळ? मामा तर सकाळीच डबा घेऊन बाहेर पडलेला असतो. मग उरते आजी, उरते मामी. आणि जिची परीक्षा नुकतीच संपलीये, नोकरी अजून लागायचीये, अशी मावशी.

ती मावशी म्हणजे मी. वय एकवीस, मुक्काम अकोला. बीएस्सीचा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी मोठ्या ताईची दोन्ही पोरं पुण्याहून आली. एक सहा वर्षांची, एक चार वर्षांचा. ताई आणि भाऊजी दोघंही नोकरीवाले. शाळेला सुट्टी असते, ऑफिसला नसते. त्यात घरातच चुलत दादाची दोन वर्षांची लेक आहे. वहिनी नर्स, तिची ड्युटी सकाळची. म्हणजे दोघांची मी मावशी, तिसरीची आत्या.

आणि मामा? मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय एकोणीस. तो सकाळी सातला अभ्यासिकेत जातो. खरं तर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक माझ्याही टेबलावर उघडं होतं. पण त्याला कुणी काही म्हणालं नाही. मला म्हणाले, ‘तू घरीच आहेस ना, जरा लक्ष ठेव पोरांवर.’

आता हे ‘जरा’ मोजायचं कसं?

अर्ध्या तासाचा एक रकाना

उत्तर माझ्या चालू घडामोडींच्या नोट्समध्येच सापडलं. देशात कोण आपला वेळ कशात घालवतं, हे मोजणारं एक सरकारी सर्वेक्षण आहे, टाइम यूज सर्व्हे. देशपातळीवर ते आधी २०१९ मध्ये झालं, मग २०२४ मध्ये. त्यात आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढच्या २४ तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतात. तोही घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचा.

म्हटलं, आपणही करून बघू. वहीचं पान फाडलं, रकाने आखले आणि एक साधा मंगळवार निवडला. घरात कुणी आजारी नाही, पाहुणे नाहीत, कुणाचा वाढदिवस नाही.

सकाळी साडेपाच. दोन वर्षांची उठली. आपल्याला सुट्टी आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

सहा ते साडेआठ हा आमच्याकडचा सोन्यासारखा वेळ. मे महिन्यात अकोल्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो, कधी पंचेचाळीसच्या आसपास जातो. धावायचं, पडायचं, भांडायचं ते सगळं नऊच्या आत. त्या दिवशी आई गच्चीवर कुरडया घालत होती. गव्हाचा गरम चीक वाट्यांमध्ये आला. चिमण्या-कावळे हाकलायची ड्युटी चार वर्षांच्याला दिली, हातात काठी दिली. दहा मिनिटं त्याने ती इमानदारीने केली. मग काठीची बंदूक झाली, आणि वाटीतला चीक धाकटीच्या केसांत.

नऊ ते अकरा, अंघोळी. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे नळ रोज येत नाही. त्यामुळे घरात ड्रम भरलेला, बादल्या भरलेल्या, हौद भरलेला. दोन वर्षांचं मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं, आणि त्याचा आवाजसुद्धा होत नाही. म्हणून ड्रमवर झाकण, रिकाम्या बादल्या उपड्या आणि न्हाणीघराला वरून कडी. कूलरचंही तसंच. पाणी भरायच्या आधी बटण बंद, प्लग बाहेर, आणि पोरं दुसऱ्या खोलीत. कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात.

आता गंमत बघा. या दोन तासांत माझ्या हातांनी भाजीही निवडली, कपडेही वाळत घातले. पण डोकं पूर्ण वेळ त्या कडीपाशी. रकान्यात काय लिहायचं? ‘भाजी निवडली’ की ‘तिघं जिवंत ठेवली’?

अकरा ते एक, जेवण. एकाला वरण-भात कालवून हवा, एकीला वेगवेगळा हवा, तिसरीला दुसऱ्याच्या ताटातला हवा.

दुपार संपत नाही

दुपारी एक ते साडेपाच ही खरी परीक्षा. उन्हात बाहेर पाठवायचं नाही, झोपायचं त्यांना नसतं. हात आपोआप मोबाइलकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी सांगून ठेवलंय की दोन वर्षांच्या आतल्यांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. आमच्याकडे तो एक तास सकाळी नऊलाच मागितला जातो.

‘मावशी, बोअर होतंय.’ सहा वर्षांची हे तासाभरात किती वेळा म्हणाली ते मोजणं मी सोडून दिलं. मी काहीच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने पाहते तर पलंगावरून चादर खाली सोडून दुकान तयार! गिऱ्हाईक भाऊ, चिंचोके म्हणजे पैसे, आणि विकायला टरबुजाच्या बिया. दोन चिंचोक्यांना दहा बिया. भाव पटला नाही म्हणून भांडण. भांडणातून बेरीज-वजाबाकी. वेळ, पाऊण तास. खर्च, शून्य.

हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले यातूनच खेळणी आणि शिकवायची साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज गावोगावी दिसणाऱ्या ‘अंगणवाडी’ची कल्पना तिथली.

पण त्या कामातली दुसरी एक गोष्ट मला जास्त भिडली. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत? कारण कडेवर धाकटं भावंडं असतं. मग कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्रच आणली. धाकट्याला पाळणाघरात ठेव आणि तू वर्गात बस. मुलीने शिकावं असं वाटत असेल तर आधी तिच्या कडेवरचं मूल कुणीतरी घ्यायला हवं, इतकं साधं गणित.

मी आईला विचारलं, ‘तुमच्या वेळी कोण सांभाळायचं गं पोरांना?’

आई म्हणाली, ‘आमच्या वेळी कोण सांभाळते? आपोआप वाढायची पोरं.’

‘आपोआप म्हणजे?’

ती जरा थांबली. ‘मीच तं होती सगळ्यात मोठी.’

आईची शाळा सातवीत सुटली, हे मला लहानपणापासून माहीत आहे. का सुटली, ते मी कधी विचारलं नव्हतं.

चौतीसपैकी दोन

संध्याकाळी साडेपाचला पन्हं झालं, टरबूज कापलं. उन्हाळ्यात लहान मुलं तहान लागली तरी खेळाच्या नादात सांगत नाहीत, म्हणून मागायची वाट न बघता दर थोड्या वेळाने दोन घोट पाजायचे. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचं पाकीट घरात असावं. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच. ओठ सुकले, लघवी कमी झाली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल पडलं, तर घरगुती उपाय बंद आणि सरळ डॉक्टर. हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. वहिनीने ड्युटीला जाता-जाता, चपला घालताना सांगितलं.

साडेसहाला गल्ली जागी झाली. कुल्फीवाल्याची घंटा वाजली. आठला जेवण, नंतर गच्चीवर आबांची गोष्ट. साडेदहाला तिसरं, म्हणजे चार वर्षांचं पोट्टं, शेवटी झोपलं.

मी पान समोर घेतलं. साडेपाच ते साडेदहा, सतरा तास. चौतीस रकाने. त्यात माझ्या पुस्तकाचे रकाने किती? दोन. त्या दोनमध्येही धाकटी मांडीवर झोपलेली होती.

मग सर्वेक्षणाचे आकडे परत पाहिले. २०२४ मध्ये १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायकांनी घरातल्या माणसांची देखभाल करण्यात वेळ घालवला होता, पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के. जे हे काम करतात त्यांच्यातही बायकांची दिवसाची सरासरी १४० मिनिटं, पुरुषांची ७४. स्वयंपाक, झाडलोट, धुणंभांडी हे सगळं वेगळं, त्याचा हिशेब दुसऱ्या रकान्यात. चालू घडामोडींच्या वहीत मी हे आकडे पाठ करायला म्हणून लिहून ठेवले होते. आता त्यात आमचं घर दिसायला लागलं.

फ्रिजवरचा कागद

भांडण करायचं नव्हतं. मी ते पान फ्रिजवर चिकटवलं, बस्स. रात्री पाणी प्यायला आलेल्या भावाने वाचलं.

‘ताई, हे काय?’

‘माझा मंगळवार.’

त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं. ‘पण मला नाही ना जमत पोरं सांभाळायला.’

‘मला कुणी शिकवलं होतं?’

यावर तो काही बोलला नाही. पण दोन दिवसांनी ठरलं. आठवड्यातले तीन दिवस दुपारी दोन ते पाच मामा घरी, त्या वेळात अभ्यासिकेतल्या त्याच्या खुर्चीवर मी. पहिल्या दिवशी निघताना त्याला ड्रमचं झाकण दाखवलं, कडी दाखवली, कूलरचा प्लग दाखवला. परत आले तर दुकान मांडलेलं होतं आणि मामा गिऱ्हाईक होता. धाकटी त्याच्या खांद्यावर. घरभर मुरमुरे. ‘ही पोट्टी पाच मिनिटं एका जागी बसत नाही का गं?’ तो म्हणाला. नाही बसत. दोन वर्षांची आहे.

सगळं सुटलं असं नाही. तीन दुपारी म्हणजे आठवड्याचे नऊ तास, बाकीचे रकाने अजून माझ्याच नावावर आहेत. आणि आईचा रकाना? कुरडया, चीक, पापड, तिघांच्या वेगवेगळ्या पोळ्या, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. आता तिचंही एक पान करायचंय. ती म्हणते, ‘माझं काय लिहिते त्यात?’ यावरून ते पान किती लांब होईल याचा अंदाज येतो.

तुमच्या घरी या सुट्टीत लहान मुलं असतील तर एकदा करून बघा. एक दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, घरातल्या प्रत्येकाचं वेगळं पान. ‘मदत करतो’ असं मोघम कुणी म्हणत असेल तर त्याला वेळ विचारा. किती ते किती? कोणत्या वारी? आणि तुम्ही त्या घरातले मामा, काका, दादा असाल तर कुणी विचारायची वाट बघू नका. दुपारचे दोन तास उचला, तेच सगळ्यात अवघड असतात. पोरं अंगाखांद्यावर खेळवून परत देणं वेगळं, आणि त्यांची अंघोळ, जेवण, भांडण, कडी-कुलूप बघणं वेगळं. दुसरं केलं की पोरं आपल्याला जास्त ओळखतात. सध्या आमच्याकडे चार वर्षांच्याला झोपताना मामाच लागतो.

जूनच्या मध्यावर पुण्यातल्या शाळा उघडतील, ताईची पोरं जातील, गच्चीवरच्या कुरडया डब्यांत जातील. दोन वर्षांची मात्र इथेच आहे, आणि ती पावसाळ्यातही साडेपाचलाच उठणार. तेव्हा फ्रिजवरचा कागद काढायचा नाही, असं ठरलंय.