विश्लेषण : समीकरणातून वक्र, असमानतेतून रंग... सॉफ्टवेअर आलेख काढते तरी कसे?

बारावीचे लिनियर प्रोग्रामिंग असो वा तुषार सिंचनाचे क्षेत्र, मोबाइलवर समीकरण टाकताच आलेख तयार होतो. पण तो कसा तयार होतो आणि त्यावर कितपत विसंबायचे?

देवगाव फाटा (ता. सेलू, जि. परभणी) :

छायांकनाची गरज कुठे पडते?

कापूस आणि सोयाबीन ही या भागातल्या खरिपाची ओळखीची जोडी. समजा, एका शेतकऱ्याकडे ५ एकर जमीन आणि १ लाख ५ हजार रुपये आहेत. कापसाला एकरी २५ हजार, तर सोयाबीनला १५ हजार रुपये खर्च धरू. क्ष एकर कापूस आणि य एकर सोयाबीन घेतल्यास अटी अशा : क्ष + य ≤ ५ आणि २५क्ष + १५य ≤ १०५ (हजारांत). क्ष आणि य ऋण असू शकत नाहीत, ही आणखी एक अट.

सर्व अटी पाळणारा भाग रंगवला की चार कोपरे मिळतात : (०, ०), (४.२, ०), (३, २) आणि (०, ५). एकरी नफा कापसाचा २० हजार आणि सोयाबीनचा १५ हजार धरला, तर शेवटच्या तीन कोपऱ्यांवर अनुक्रमे ८४, ९० आणि ७५ हजार येतात. म्हणजे ३ एकर कापूस, २ एकर सोयाबीन. आकडे उदाहरणादाखल आहेत. पण रेषेची चुकीची बाजू रंगवली तर कोपरे बदलतात आणि उत्तरही.

अव्यक्त वक्र म्हणजे काय?

य = २क्ष + १ या समीकरणात य एका बाजूला मोकळा आहे. क्षची किंमत घाला, य मिळतो. तुषार सिंचनाच्या नोझलचे पाणी १० मीटरपर्यंत पडते, त्याची कड मात्र क्ष² + य² = १०० अशी लिहिली जाते. इथे क्ष आणि य एकमेकांत गुंतलेले आहेत. य वेगळा काढायचा तर वर्तुळाचे वरचे आणि खालचे असे दोन तुकडे करावे लागतात. देकार्तने १६३८ मध्ये मांडलेल्या क्ष³ + य³ = ३ × क्ष × य या पानासारख्या वक्रात तर य सुटा करणे आणखी किचकट. अशा वक्रांना अव्यक्त वक्र म्हणतात.

मग सॉफ्टवेअर काय करते?

ते समीकरण सोडवत नाही, चिन्ह तपासते. सगळी पदे एका बाजूला आणली की क्ष² + य² − १०० ही राशी मिळते. पडद्यावर बारीक चौकटींची जाळी कल्पून प्रत्येक कोपऱ्यावर तिची किंमत काढली जाते. (९, ४) वर ती −३ येते, (९, ५) वर +६. चिन्ह बदलले, म्हणजे वक्र या दोहोंच्या मधून जातो. −३ आणि +६ च्या प्रमाणात अंदाज बांधला तर य ४.३३ मिळतो, खरी किंमत सुमारे ४.३६ आहे. चौकटी लहान केल्या की फरक घटतो. असे बिंदू जोडले की वक्र तयार. छायांकन त्याहून सोपे : जिथे राशी ऋण, तिथे पाणी पोहोचते, तो भाग रंगवायचा.

फसगत कुठे होते?

(क्ष + य − ५)² = ० ही खरे तर सरळ रेषा आहे. पण वर्ग कधीच ऋण नसतो. चिन्ह बदलतच नाही, त्यामुळे केवळ चिन्हावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा गायब होऊ शकते. उलट १ ÷ (क्ष − २) = ० ला उत्तरच नाही; तरी क्ष = २ पाशी चिन्ह बदलते आणि नसलेली रेषा उमटू शकते. जेफ टपर यांनी २००१ मध्ये यावर मार्ग मांडला : केवळ कोपरे नव्हे, तर संपूर्ण चौकटीत राशीची किंमत कोणत्या मर्यादेत राहते ते तपासायचे. त्या मर्यादेत शून्य येतच नसेल, तर तिथे वक्र नाही हे खात्रीने सांगता येते.

विद्यार्थ्यांनी काय वापरावे?

जिओजेब्रा आणि डेसमॉस विद्यार्थ्यांना मोफत वापरता येतात. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये जिओजेब्राची सुरुवात केली. त्याचे ॲप एकदा घेतले की आलेखासाठी सतत इंटरनेट लागत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात जिओजेब्राचे धडे आहेत. समीकरण टाकताना क्ष, य ऐवजी इंग्रजी एक्स, वाय वापरावे. जिओजेब्रात दोन असमानतांमध्ये && टाकले की फक्त सामाईक भाग रंगतो. पायथनमध्ये मॅटप्लॉटलिबची ‘काँटूर’ ही आज्ञा शून्य पातळीवर वापरली की वक्र मिळतो.

अनेक रंग एकमेकांवर चढून गोंधळ होत असेल, तर असमानतांची चिन्हे उलटी टाकावीत. नको असलेला भाग रंगतो आणि हवा तो कोरा राहतो. मात्र परीक्षेत हाती आलेख कागदच असतो. त्यामुळे आधी हाताने आलेख काढावा. रेषा मूळ बिंदूतून जात नसेल, तर (०, ०) घालून बाजू ठरवावी. जात असेल तर दुसरा सोपा बिंदू घ्यावा. मग मोबाइलवर पडताळावे. दोन्ही आलेख जुळले नाहीत, तर रंगवलेल्या भागातला एक बिंदू मूळ अटींत घालून पाहावा. चूक कोणाची, ते तिथेच कळते.