चौतीस आणि चौसष्ट

आमच्या कुंभार पिंपळगावाकडे चालण्याचे कोणाला विशेष कौतुक नाही. घरातल्या दुखणाइतासाठी नवस बोलून अनवाणी जांब समर्थला जाणारी, आषाढीला पंढरीची वाट धरणारी आणि एरवी शेत लांब पडते म्हणून निमूटपणे दोन-तीन कोस तुडवणारी माणसे घनसावंगी तालुक्यात घरोघर सापडतील. परंतु कर्करोगाच्या रुग्णांसाठी, छातीवर क्रमांक लावून आणि देणग्यांचा रीतसर जमाखर्च ठेवून, मुंबईत माणसे एका सकाळी जथ्याने चालतात, ही वार्ता कानी आली तेव्हा त्या चालण्याने नेमके कोणाचे काय भले होते हे एकदा स्वतः पाहावे, असे मनाने घेतले. निमित्तही घरचेच होते. माझी थोरली मावसबहीण गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जात-येत होती आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरली होती. रुग्णांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेच्या गृहस्थांनी तेथेच मला एक क्रमांक देऊ केला, आणि मी तो घेतला.

२००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ‘ड्रीम रन’ म्हणून सुमारे सहा किलोमीटरचा एक भाग असतो. त्यात वेळ मोजत नाहीत, विजेता ठरत नाही, आणि नाव धावण्याचे असले तरी बहुतेक लोक चालतातच. संस्था नोंदणी करते, तिचे हितचिंतक ओळखीपाळखीतून वर्गणी जमवतात, कंपन्या आपल्या नोकरांचे ताफे पाठवतात आणि त्यापोटी संस्थांच्या पदरी रकमा पडतात. बंदोबस्त चोख, हे मान्य केले पाहिजे.

जानेवारीच्या त्या सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभा राहिलो तेव्हा प्रथम जाणवला तो वास. सांधे आखडू नयेत म्हणून पायांवर मारावयाच्या औषधी फवाऱ्याचा, कापूर आणि निलगिरी एकत्र जाळल्यासारखा उग्र दर्प साऱ्या जमावावर तरंगत होता. त्या दर्पात ढोल वाजत होते, कोणी वाघाचे तर कोणी वासुदेवाचे सोंग घेऊन आले होते, आणि काही सदऱ्यांवर कंपनीचे नाव इतके ठसठशीत होते की ज्या रोगासाठी हा उपद्व्याप, त्याचा उल्लेख शोधूनच काढावा लागे. मन खट्टू झाले. तथापि याच गर्दीत काहींच्या पाठीवर हाताने लिहिलेले कागद टाचलेले होते: ‘आईसाठी’, ‘काकांसाठी’, आणि एका शाळकरी मुलाच्या पाठीवर नुसतेच ‘दादा’. त्या कागदांपाशी माझी टीका थोडा वेळ गप्प बसली.

माझ्या शेजारून चालणाऱ्या बाई बार्शीकडच्या सेवानिवृत्त परिचारिका निघाल्या. हुतात्मा चौकापासून चर्चगेटकडे वळलो तरी त्या रस्त्याच्या मध्ये येईनात. कडेने, पदपथाला अगदी लागून चालत होत्या. कारण विचारले तेव्हा त्या हसल्या. “मधून चालायची सवयच न्हाई, दादा. आम्ही दारादारानं चालणारी मान्सं.”

मग जे ऐकले त्याने त्या सकाळचा रंगच पालटला. ऑक्टोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, परळचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक विशाल पाहणी केली. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्या पटावर होत्या आणि गावांचे ५२ समूह चार गटांत विभागलेले होते. एका गटात या रोगाला कारणीभूत होणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच, अवघी एकदाच, करण्यात आली. आणखी दोन गटांत निराळ्या चाचण्या झाल्या. चौथ्या गटाला तुलनेसाठी नेहमीच्या स्थितीतच ठेवले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले होते. तुलनेच्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४.

“चौतीस आन् चौसष्ट,” बाई म्हणाल्या.

या पाहणीसाठी त्या दारोदार हिंडल्या होत्या; आकड्यांमागचे कष्ट त्यांनी चालता चालता सांगितले. दारात बसायचे, पाणी मागायचे, आणि प्रथम बोलायचे ते सासूशी. सुनेशी आधी बोलले की काम बिघडलेच. सासूने मान डोलावली की तिच्यामागून गल्लीतल्या चार जणी येत. रोगाचे नाव उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही, एवढे तारतम्य आपोआप अंगी आले. नमुने बार्शीच्या प्रयोगशाळेकडे रवाना व्हायचे, आणि ज्यांच्यात दोष आढळे त्यांच्याकडे पुन्हा तीच पायपीट. हा विषाणू शरीरात ठाण मांडून बसल्यावर कर्करोग व्हायला बहुधा वर्षानुवर्षे लागतात, म्हणून तर एकदा केलेली तपासणीही इतकी कामास येते.

“आणि ज्यांना तपासले नाही त्या?” मी विचारले. ज्यांना रोगाची माहिती दिली पण तपासणी दिली नाही अशा स्त्रियांविषयी वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी पुढे कठोर प्रश्न उपस्थित केले, आणि ते प्रश्न मला रास्त वाटतात. बाईंनी पाहणीची बाजू मांडली नाही, तिला दूषणही दिले नाही. मरीन ड्राइव्हवर समोर समुद्र उघडला, फवाऱ्याचा दर्प वाऱ्यावर पुन्हा आला, आणि त्या कडेने चालत स्वतःशीच म्हणाल्या, “चौसष्ट.”

देणग्यांच्या त्या चालण्याला मी निरर्थक म्हणणार नाही. परळला आलेल्या माणसाचे औषध, जेवण, निवारा यांवर तो पैसा खर्च होतो, आणि माझ्या बहिणीच्या गोळ्यांतही कोणा अनोळखी माणसाचे सहा किलोमीटर असतील. परंतु एवढे खरे की हा पैसा रोग अंगात पुरता मुरल्यावर त्याला भेटतो. बार्शीच्या बायका त्याला उंबऱ्यावर गाठत होत्या, आणि त्यांच्या पाठीवर कोणी कागद टाचले नव्हते. माझ्या मते खरी पदयात्रा तीच होय.

सायंकाळी धर्मशाळेत गेलो. बहीण भिंतीला टेकून बसली होती, मेहुणे रुग्णालयाची कागदपत्रे तारीखवार लावीत होते. किती चाललास, म्हणून तिने विचारले.

“सहा किलोमीटर.”

“एवढंच? अन् त्याचे पैशे देतेत?” ती हसली, मग खोकली.

मी तिला धाराशिवकडची हकिकत सांगितली. पाहणी सुरू झाली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, म्हणजे वयाच्या अटीत तंतोतंत बसणारी. आमच्या आणि त्या जिल्ह्याच्या मध्ये फक्त एक बीड जिल्हा. हे मी बोललो नाही, पण हिशेब तिने माझ्याआधीच केला असावा, कारण बराच वेळ ती मेहुण्यांच्या हातातल्या कागदांकडे पाहत राहिली.

“त्या बाया आपल्याकडं आल्याच न्हाईत,” ती म्हणाली. आणि लगेच, स्वयंपाकाची कामे वाटून देताना लावायची त्याच आवाजात: “थोरली सून तिशीला टेकली. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होती का, इचार. गावी गेलास की तिला घेऊन जा. अन् आधी माझ्या जावंशी बोल. ती हो म्हनली, की पोरी येतीलच.”