गेडचा रंग

1998 च्या पावसाळ्यात मी फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरून उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ची जुनी प्रत घेतली. मुखपृष्ठावर झगा घातलेला एक गोरा जादूगार होता. विरार लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि मी वाचायला लागले. गाँट बेटावर शेळ्या राखणारा, आईविना वाढलेला गेड. त्याला मनात मी मुखपृष्ठावरचाच चेहरा देऊन टाकला होता. तिसऱ्या प्रकरणात तो रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत येतो. तिथे त्याला व्हेच नावाचा मित्र भेटतो, आणि लेखिका अगदी जाता जाता सांगते, की व्हेच काळा आहे. गेड आणि त्या बेटांवरची बहुतेक माणसं तांबूस-तपकिरी.

मी पानात बोट ठेवून मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं. मग पुस्तक धरलेला माझा हात पाहिला. ‘रंगाने जरा सावळी आहे’ हे माझ्याबद्दल इतक्यांदा बोललं गेलं होतं, की जादूच्या गोष्टीतला नायक माझ्या रंगाचा असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वसई येईपर्यंत मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होते.

सहा वर्षांनी, डिसेंबर 2004 मध्ये, अमेरिकेतल्या साय-फाय चॅनेलने अर्थसीवर मालिका दाखवली. त्यात गेड होता शॉन ॲशमोर. गोरा. त्याचे गुरू ओजियन यांच्या भूमिकेत डॅनी ग्लोव्हर हे कृष्णवर्णीय अभिनेते होते, पण बाकी जवळजवळ सगळं बेट गोरं झालं होतं.

आवडत्या कादंबरीवर सिनेमा येणार म्हटलं की वाचकांच्या पोटात गोळा का येतो, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी हे उदाहरण देते. ऐतिहासिक सिनेमात चूक झाली तर रायगडावर जाऊन, बखरी उघडून खरं काय ते बघता येतं. रोक बेटावर जाता येत नाही. कल्पित जगाला पुस्तकाखेरीज दुसरा साक्षीदारच नसतो. आणि पडद्यावरचा चेहरा फार चिवट असतो. महाभारत मालिकेनंतर आमच्या पिढीला कृष्ण म्हटलं की नितीश भारद्वाज यांचाच चेहरा दिसतो. ज्याचं नावच काळेपणावरून पडलं, त्याचा काळेपणा आमच्या डोळ्यांपुढून कधी गेला ते कळलंही नाही.

ले ग्विन यांनी गेडला हा रंग विचारपूर्वक दिला होता. पुस्तक 1968 चं. तेव्हा अशा कथांमधले नायक गोरेच असायचे. त्या मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या. जगात गोऱ्यांपेक्षा बाकीचीच माणसं जास्त आहेत, मग कल्पनेतल्या जगात उलटं का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. मालिकेच्या करारात त्यांना ‘सल्लागार’ म्हटलं होतं, पण सल्ला कुणी घेतला नाही. त्यांनी बदलांवर आक्षेप घेतला तेव्हा चित्रीकरण सुरू झाल्याचं उत्तर आलं. मालिका दाखवली गेली त्याच महिन्यात त्यांनी जाहीर लेख लिहून निषेध केला.

रंगाइतकंच मला आणखी एक लागलं. अर्थसीत प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते लपवून ठेवायचं असतं, कारण खरं नाव ज्याला कळलं त्याच्या हाती आपला जीव गेला. गेड हे असंच गुप्त नाव. जग त्याला स्पॅरोहॉक म्हणतं, म्हणजे आपल्या शिक्र्याच्या जातीतला पक्षी. गर्वापायी गेडच्या हातून भयंकर चूक होते. तो चेहऱ्यावर व्रण घेऊन, मान खाली घालून वावरत असताना व्हेच निरोप घेताना त्याला आपलं खरं नाव सांगतो. बस, एवढंच. सांत्वनाचा शब्दही लागत नाही. मालिकेने ही नावं उलटी केली. गेड हे सगळ्यांच्या तोंडी, आणि स्पॅरोहॉक हे गुपित. ज्याने पुस्तक वाचलं नाही त्याला हा बदल किरकोळ वाटेल. माझ्यासाठी तिथेच त्या जगाचा पाया उखडला.

वाचक प्रत्येक ओळीला चिकटून बसतात, हा आरोप खरा नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधून टॉम बॉम्बाडिल हे पात्र सरळ वगळलं. हळहळ झाली, पण टोल्किन यांचं जग शाबूत राहिलं. आयुष्यभर त्या पुस्तकांची चित्रं काढणाऱ्या ॲलन ली आणि जॉन हाउ यांनाच जॅक्सन यांनी न्यूझीलंडला बोलावून घेतलं होतं. पानं गाळा, प्रसंग जोडा, तीन तासांत बसवायचं तर ते करावंच लागेल. पण त्या जगाचे नियम आणि त्या माणसांचा पिंड बदलू नका, एवढंच वाचकाचं मागणं असतं आणि ते मला रास्त वाटतं.

पुढे 2006 मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओनेही अर्थसीवर सिनेमा काढला. त्यातही ले ग्विन यांना आपलं पुस्तक सापडलं नाही.

22 जानेवारी 2018 ला त्या गेल्या. पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच वर्षी अर्थसीच्या सगळ्या कथा एका जाड खंडात निघाल्या. चित्रकार चार्ल्स व्हेस यांनी त्यातली चित्रं ले ग्विन यांच्याशी बोलून, त्यांना दाखवून काढली होती. त्या चित्रांतला गेड तांबूस-तपकिरी आहे.