मेंदूचे संगणकीय नकाशे व त्यांची साधने : एक तुलना

मुंबईच्या कांदिवली भागातील चारकोपची वसाहत १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखण्यात आली. सेक्टर, रस्ते व भूखंड म्हाडाने आखून दिले. घरे मात्र रहिवाशांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधली व वाढविली. आराखड्यावरून तेथील घर सापडते. त्या घरातील जिना कोठे आहे, हे आराखडा सांगू शकत नाही. मेंदूच्या नकाशाचीही हीच मर्यादा होय. मानवी मेंदूची सर्वसाधारण रचना एकच. परंतु आकार व घड्या प्रत्येकाच्या निराळ्या. म्हणून एखाद्या व्यक्तीच्या मेंदूची एम्. आर्. आय्. प्रतिमा प्रमाण-नकाशावर बसविताना ती ताणावी, आकसावी व वळवावी लागते. हे जुळणीचे काम संगणक-प्रणाली करतात.

त्यांपैकी तीन विशेष प्रचलित आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील 'एस्. पी. एम्.' ही प्रणाली मेंदूतील करडे व पांढरे द्रव्य वेगळे करून बिंदूगणिक तुलना करण्यास सोयीची आहे. बॉस्टन येथे विकसित झालेली 'फ्रीसर्फर' मेंदूच्या बाह्य थराचा पृष्ठभाग रेखाटून त्याची जाडी मोजते. मात्र एका मेंदूस तिला कित्येक तास लागू शकतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उदय पावलेल्या 'अँट्स' या प्रणालीतील 'सिन' पद्धत दोन्ही प्रतिमांना सारखेच वळवून मध्यावर एकत्र आणते.

यांतील सरस कोणती, हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. तज्ज्ञाने हाताने आखलेला भाग व प्रणालीने दाखविलेला भाग परस्परांवर किती प्रमाणात बसतात, हे पाहावयाचे. २००९ साली आर्नो क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० मेंदूंवर १४ पद्धती याप्रमाणे पारखल्या. त्यासाठी ४५,००० हून अधिक जुळण्या कराव्या लागल्या. 'सिन' व 'आर्ट' या पद्धती अग्रस्थानी आल्या आणि तपासलेल्या व्यक्तींचा गट बदलला तरी हा क्रम फारसा बदलला नाही.

परंतु साधन उत्तम ठरले, म्हणजे नकाशाही योग्य ठरला, असे नव्हे. तालैराक व तूर्नू यांचा १९८८ चा प्रसिद्ध नकाशा साठ वर्षांच्या एकाच फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. पुढे माँट्रियल येथे प्रथम ३०५ व नंतर १५२ व्यक्तींच्या प्रतिमांची सरासरी काढण्यात आली. भारतीयांसाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी २०१९ साली १०० निरोगी तरुण-तरुणींच्या प्रतिमांवरून नकाशा तयार केला. त्यात भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी व उंची पाश्चात्त्य नकाशाहून कमी आढळली.

या फरकाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. स्मृतीशी निगडित असलेल्या हिपोकॅम्पस या भागाचे आकुंचन हे स्मृतिभ्रंशाचे एक लक्षण मानले जाते. मुंबईतील वृद्धाचा मेंदू परक्या सरासरीशी ताडून पाहिल्यास स्वाभाविक लहानपणालाच रोग समजण्याचा धोका संभवतो. तरुणांवरून काढलेला भारतीय नकाशाही सत्तरीच्या रुग्णास जसाच्या तसा लावता येणार नाही. तेव्हा साधनाची निवड प्रसिद्ध तुलनांवरून करावी, नकाशाची निवड रुग्णाच्या देशावरून व वयावरून करावी, आणि निष्कर्ष काढण्यापूर्वी काही प्रतिमांची जुळणी तज्ज्ञाच्या डोळ्यांखालून घालावी, हेच श्रेयस्कर होय.