मैदान कुठे बांधायचे? ओटावाच्या हॉकीशौकिनांचा वाद

हॉकी म्हटले की आपल्यासमोर हिरवळीवरचा खेळ उभा राहतो. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायात पातीचे बूट, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती! आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच तिकडे या खेळाचे. त्या देशाची राजधानी ओटावा. तेथील 'सेनेटर्स' या व्यावसायिक संघाचे मैदान कोठे असावे, यावर शहरातील शौकीन कित्येक वर्षे भांडत आले आहेत.

१९९२ साली हा संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला. सुरुवातीला तो दहा हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील अशा जुन्या सभागृहात खेळे. १९९६ च्या जानेवारीत कनाटा येथे नवे बंदिस्त मैदान उघडले. ही जागा शहराच्या मध्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर, शेतजमिनीवर. शेती मोडून मैदान कशाला, असा तेव्हाही वाद झाला होता. अखेर परवानगी मिळाली ती अटींवर. प्रेक्षकांची संख्या मर्यादित ठेवावी लागली आणि महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्याचा खर्चही संघाच्याच गळ्यात पडला.

दोन बाजू, दोन्ही खऱ्या

एका हंगामात चाळीसहून अधिक सामने आपल्या मैदानावर होतात. त्यातले पुष्कळसे कामाच्या दिवशी, संध्याकाळी, कडाक्याच्या थंडीत. मोटार नसलेल्या माणसाने तेथे जायचे कसे? सामना संपला की हजारो गाड्या एकाच महामार्गावर येतात. घरी पोचायला मध्यरात्र होते आणि सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे असते. नदीपलीकडच्या गातिनो शहरातील फ्रेंच भाषिक शौकिनांना तर अख्खे ओटावा ओलांडून जावे लागते. म्हणून कित्येकांचे म्हणणे असे, की मैदान शहराच्या मध्यभागी, लब्रेटन फ्लॅट्सवर आणा. तेथून संसद भवन पायी जाण्याइतके जवळ आणि २०१९ पासून आगगाडीचे स्थानकही शेजारीच.

कनाटाकडचे शौकीन विचारतात, "मग आमचे काय?" पश्चिमेकडच्या उपनगरांतील आणि लहान गावांतील कुटुंबे मुलाबाळांना घेऊन मोटारीने येतात. गाडी उभी करायला तेथे जागा आहे. मध्यवस्तीत ती मिळणार कोठे? त्यांचे म्हणणेही खोटे नाही.

वाद रंगतो तो वाहनतळ, गाडी आणि तिकीट यांवर. पण ज्या जमिनीवर मैदान आणायचे, ती मध्यवस्तीत असूनही इतकी वर्षे मोकळी कशी राहिली, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

रिकाम्या जागेची कहाणी

लब्रेटन फ्लॅट्स ही कामगारांची वस्ती होती. लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेत राबणाऱ्या माणसांची घरे, दुकाने, शाळा, चर्च असे सारे तेथे होते. १९६२ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय राजधानी आयोगाने ही सारी जमीन सक्तीने ताब्यात घेतली. राजधानी देखणी करायची होती, सरकारी कचेऱ्या उभारायच्या होत्या. वस्तीवर 'गलिच्छ' असा शिक्का मारला की पाडणे सोपे होते! सुमारे २,८०० माणसे उठवली गेली. काही वर्षांतच वस्ती भुईसपाट झाली.

आणि त्या कचेऱ्या? त्या उभ्या राहिल्याच नाहीत. योजना आल्या, सरकारे बदलली, जमिनीत जुन्या कारखान्यांचे विषारी अवशेष निघाले. एका कडेला काही घरे झाली, २००५ साली युद्ध संग्रहालय उघडले. परंतु मोठा भाग ओसाडच राहिला. ज्या घाईने माणसे हलवली, ती घाई बांधताना कोठे गेली?

त्याही आधीची गोष्ट आहे. ही भूमी अल्गॉन्किन या मूळनिवासी लोकांची. त्यांनी ती कोणत्याही तहाने कोणाला दिलेली नाही. २०१६ साली त्यांच्यातील किटिगन झिबी समाजाने राजधानीतील जमिनीवरच्या हक्कासाठी न्यायालयात दावा दाखल केला. लब्रेटनच्या स्थानकाला आज 'पिमिसी' असे अल्गॉन्किन नाव आहे. त्याचा अर्थ बाम मासा. नाव मिळाले, पण नाव देणे वेगळे आणि हक्क देणे वेगळे.

करार मोडतात, जुळतात

२०१६ साली आयोगाने संघाच्या मालकाची भागीदारी असलेला प्रस्ताव निवडला. पण भागीदारांतच भांडण जुंपले, प्रकरण कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये सारे फिसकटले. २०२२ साली संघाच्या गटाची पुन्हा निवड झाली. २०२३ मध्ये संघाचा मालक बदलला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आयोग व संघ यांच्यात जमिनीबाबत तत्त्वतः समझोता झाला.

शौकिनांनी खुशाल भांडावे. आपल्या संघाचे मैदान आपल्याला जवळ असावे, असे कोणाला वाटणार नाही? पण जागा निवडताना दोन प्रश्न आणखी विचारले पाहिजेत. येथे आधी कोण राहत होते? आणि मैदानाभोवती जी घरे उठतील, त्यांत राबणाऱ्या माणसाला परवडणारी किती असतील? सामना तीन तासांत संपतो. उठवलेली वस्ती मात्र साठ वर्षांतही परत बसलेली नाही.